ट्रेलसाठी एटीव्ही: स्पोर्ट घ्यावी की फोर-व्हील ड्राइव्ह?

एटीव्ही, म्हणजे रुंद मऊ टायरांची, हँडलने वळवायची, खडबडीत वाटेवरची गाडी, घ्यायची ठरली की बोलणं हटकून सीसीवर जातं. चारशेची घ्यावी की सातशेची, पळते किती, पिकअप कसा आहे. ट्रेलवर गेल्यावर यातल्या बऱ्याच गोष्टी मागे पडतात. झाडांमधून, दगडांवरून, ओढ्याकाठून जाणाऱ्या वाटेवर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरसुद्धा भरपूर होतात आणि अवघड जागी तर माणसाच्या चालीने जावं लागतं. म्हणून आधी हे विचारावं: ही गाडी किती हळू चालते, आणि हळू चालताना पूर्ण ताब्यात राहते का? स्पोर्ट आणि फोर-व्हील ड्राइव्ह यांतला फरक मला या एका प्रश्नात जेवढा स्पष्ट दिसतो तेवढा माहितीपत्रकातल्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

यामाहाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघा, रॅप्टर ७०० आणि ग्रिझली ७००. बरीच वर्षं दोन्हींत ६८६ सीसीचं, एका सिलिंडरचं इंजिन होतं. रॅप्टर ही स्पोर्ट गाडी. वजन सुमारे १९० किलो, ताकद चेनने फक्त मागच्या चाकांना, हाताने क्लच, पायाने गिअर. ग्रिझली ही फोर-व्हील ड्राइव्ह. तिच्यात ताकद शाफ्टने चारही चाकांकडे जाते, गिअर ऑटोमॅटिक आहेत, पुढे-मागे सामानाचे रॅक आहेत, आणि वजन ३०० किलोच्या वर. सीसी तेच, पण एकीवर बसायची सवय झालेल्या माणसाला दुसरी चालवायला नव्याने शिकावी लागते.

हे दोन फाटे फार लवकर फुटले. १९७० मध्ये होंडाची तीनचाकी आली, १९८२ मध्ये सुझुकीने क्वाडरनर १२५ ही पहिली चारचाकी एटीव्ही काढली. १९८५ मध्ये त्याच सुझुकीने शर्यतीच्या बांध्याची एलटी२५०आर आणली, आणि १९८६ मध्ये होंडाने फोरट्रॅक्स ३५० ही चारही चाकं ओढणारी गाडी बाजारात उतरवली. तीनचाकी फार सहज उलटायची. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमध्ये करार होऊन त्यांची विक्री थांबली. चारचाकी राहिल्या आणि दोन दिशांनी वाढत गेल्या: एक शर्यतीकडे, दुसरी शेतीच्या आणि जंगलातल्या कामांकडे. आज ट्रेलवर दोन्ही दिसतात, पण निव्वळ ट्रेल डोळ्यांसमोर ठेवून दोन्हींपैकी कुठलीच जन्माला आलेली नाही. त्यामुळे कुठलीही घ्या, कुठेतरी तडजोड करावीच लागते.

आता वळण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, आतल्याला जवळचा. कवायतीत रांग वळते तेव्हा आतला गडी जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा ढांगा टाकत जातो, तसंच. मोटारीत ही सोय डिफरन्शिअल करतं. स्पोर्ट एटीव्हीच्या मागच्या बाजूला डिफरन्शिअल नसतं. एक सरळ, भरीव अॅक्सल असतो आणि दोन्ही चाकं त्याला घट्ट बसवलेली असतात. दोन्ही एकाच वेगाने फिरतात, म्हणजे वळताना त्यातलं एक घसरल्याशिवाय गाडी वळूच शकत नाही. म्हणून चालवणारा आतल्या बाजूला झुकतो, वजन बाहेरच्या फुटरेस्टवर देतो आणि अंगठ्याने थ्रॉटल थोडा वाढवून मागची बाजू घसरवतो. मातीच्या वळणावर हे जमलं की जे सुख मिळतं, त्यासाठीच लोक स्पोर्ट गाडी घेतात, आणि ते सुख खरं आहे. पण यात शरीर सतत कामाला लागतं. नुसतं बसून हँडल फिरवलं तर ही गाडी हट्टाने सरळ जाते.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत मागे डिफरन्शिअल असेलच, असं बरेच जण धरून चालतात. बहुतेक गाड्यांत नसतं. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर वरखाली होत असली तरी फिरतात एकत्रच. काही गाड्यांत ती मोकळी सोडायचं बटण असतं, म्हणजे हिरवळ उखडत नाही. खरा फरक पुढे आहे. पुढच्या चाकांमध्ये डिफरन्शिअल असतं आणि ती चाकं गाडीला ओढतात. हळू वेगात, ओल्या मातीत, ही ओढ गाडीचं तोंड वळणाच्या आत नेते. वेग वाढला की तीच ओढ उलटते: पुढची चाकं फिरण्यात आणि वळण्यात अशी दोन्हीकडे पकड खर्च करतात आणि गाडी वळणाबाहेर जाऊ लागते. म्हणून कोरड्या, मोकळ्या वाटेवर अनुभवी माणसं टू-व्हील ड्राइव्हवर चालवतात आणि अवघड जागा यायच्या आधी फोर-व्हील ड्राइव्हचं बटण दाबतात. आधी, हे महत्त्वाचं. चाकं रुतून फिरायला लागल्यावर बटण दाबलं तर तोवर खड्डा झालेला असतो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ पोलारिसच्या, मागची चाकं घसरू लागली की पुढची आपोआप जोडली जातात, तिथे ही काळजी कमी.

डिफ-लॉकचं काम एका प्रसंगावरून नीट कळेल. चाकोरीने खोल कापलेली चिखलाची वाट आहे, तिच्यात आडवं एक मूळ. डावं पुढचं चाक मुळावर चढलं आणि उजवं अधांतरी झालं. साध्या डिफरन्शिअलमध्ये ताकद सोप्या वाटेने जाते, म्हणजे ज्या चाकाला काहीच अडवत नाही ते गरगर फिरतं आणि मुळावरचं स्वस्थ बसतं. लॉक लावलं की दोन्ही एकत्र फिरतात, मुळावरचं चाक गाडीला वर खेचतं आणि दोन सेकंदांत गाडी पलीकडे. तेवढ्यापुरतं हँडल जड होतं, हवं तसं वळत नाही. पलीकडे गेल्यावर लॉक काढायचं.

पोटाखालची जागा ही दुसरी मोठी गोष्ट. स्पोर्ट गाडीच्या भरीव अॅक्सलवर मधोमध स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, असतो, शेजारी ब्रेकची डिस्क. सस्पेन्शन कितीही उत्तम असलं तरी अॅक्सल चाकांच्या मध्यातच राहणार, त्यामुळे हा भाग जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंचांवर असतो. तो उंच करायचा तर मोठे टायर हाच उपाय. वीतभर उंचीचा दगड वाटेच्या मधोमध असेल, तर स्पोर्टवाल्याला त्याला बगल द्यावी लागते किंवा एक चाक त्याच्यावरून न्यावं लागतं. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पोटाखाली दहा-बारा इंच मोकळे मिळतात, टायरही पंचवीस ते सत्तावीस इंचांचे असतात, आणि दगड खालून निघून जातो. शिवाय स्वतंत्र सस्पेन्शनमुळे एकच चाक दगडावर चढतं, बाकी गाडी आणि बसलेला माणूस जवळपास सरळ राहतात. भरीव अॅक्सलवर एक चाक चढलं की अख्खी मागची बाजू तिरकी होते. दिवसभर दगडांची वाट असेल तर संध्याकाळी कंबर हा फरक सांगते.

आता हळू चालण्याकडे. ओला दगडी चढ आहे, मध्येच गुडघाभर उंचीची पायरी. फोर-व्हील ड्राइव्हवर तुम्ही लो रेंज (हळू पण जोराने चालण्याचा गिअर) टाकता, अंग पुढे झुकवता, अंगठा हलकेच दाबता. पुढची चाकं पायरीला टेकतात, क्षणभर थांबतात, रबर दगडाला चिकटून वर चढतं, मागची ढकलतात. वेग माणसाच्या चालीएवढाच. स्पोर्टवर हीच पायरी वेगळी लागते. बहुतेक स्पोर्ट गाड्यांत लो रेंज नसते, पहिल्या गिअरमध्येही गाडी अशा चालीपेक्षा जास्त पळते. मग अर्धा क्लच धरून इंजिनचा आवाज वर ठेवायचा, पुढची चाकं थोडी उचलून पायरीवर टाकायची आणि जोर टिकवायचा. जमणाऱ्याला जमतं, बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण जोर मध्येच संपला, इंजिन बंद पडलं, तर उभ्या चढावर गाडी मागे सरकू लागते. अशा वेळी घाबरून एकदम मागचा ब्रेक दाबला तर पुढची बाजू वर उचलली जाऊन गाडी अंगावर उलटू शकते. वजन चढाकडे ठेवून, गाडी मागे सरकायच्या आत ब्रेक लावून थांबणं आणि चढाच्या बाजूने उतरणं, हे नवीन माणसाने सपाट जागेजवळच्या छोट्या चढावर आधी घोटून घ्यायला हवं. हा धोका फोर-व्हील ड्राइव्हलाही आहे. फक्त तिथे ही वेळ कमी येते आणि आली तर अंगावर येणारं वजन शंभर-सव्वाशे किलोने जास्त असतं. हा शेवटचा भाग विक्रेते सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

उतारावर हिशेब थोडा बदलतो. गिअरच्या गाडीत पहिला गिअर टाकला की इंजिन चाकांना धरून ठेवतं, साधी आणि भरवशाची गोष्ट. बेल्टच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे जिथे इंजिनची ताकद बेल्टवरून जाते तिथे, जुन्या काही गाड्या थ्रॉटल सोडला की मोकळ्या सुटतात आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्या गाड्यांत इंजिन-ब्रेकिंगची सोय दिलेली असते आणि लो रेंजसोबत ती फार छान चालते. वापरलेली गाडी घेताना हे नक्की विचारा, आणि शक्य असेल तर एखाद्या उतारावर स्वतः थ्रॉटल सोडून बघा.

आडव्या उतारावर, म्हणजे डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या तिरक्या वाटेवर, मात्र स्पोर्ट गाडी उजवी ठरते. ती बुटकी आणि रुंद असते, वजन खाली असतं. फोर-व्हील ड्राइव्ह उंच, आणि रॅकवर सामान बांधलं तर आणखी डोलते. चार चाकं ओढतात याचा उलटण्याशी काही संबंध नाही, हे अनेकांना पटत नाही. ती ताकद पुढे जाण्यासाठी आहे, कलंडण्यापासून वाचवण्यासाठी नाही. अशा वाटेवर अंग डोंगराकडे टाकायचं आणि रॅकवर जड काही ठेवायचं नाही.

पाण्याचं आणि चिखलाचं बोलायचं तर फोर-व्हील ड्राइव्ह पुढे आहे, पण ती पाणबुडी नाही. बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मग डब्याची ड्रेनची बूच काढून पाणी सोडायचं, गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन थोडं फिरवून बेल्ट सुकवायचा. इंजिन हवा कुठून घेतं आणि ती जागा आपल्या गाडीत किती उंचीवर आहे हे माहीत असलंच पाहिजे, कारण त्या वाटेने इंजिनात पाणी गेलं तर नुकसान बेल्टपुरतं थांबत नाही.

वाळूत सगळं चित्र उलटतं. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिससारख्या उघड्या टेकड्यांवर हलकी स्पोर्ट गाडी, मागे पॅडल टायर (वाळू ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे), यासारखं दुसरं काही नाही. तिथे वजन हा शत्रू आणि वेग हाच आधार. तसंच जंगलातली कोरडी, नागमोडी, मातीची वाट, जिथे वळणामागून वळण येतं आणि दगड तुरळक: तिथे चारशे-साडेचारशेची स्पोर्ट गाडी चालवणाऱ्या माणसाला माझं पटवायचं कामच नाही, त्याने योग्य गाडी घेतली आहे. शरीर तंदुरुस्त हवं, उभं राहून चालवायची तयारी हवी, कारण या गाडीचं सस्पेन्शन वेगासाठी बेतलेलं असतं आणि हळू चालवलं तर ते कडक लागतं. आडवी तिडवी गचके देणारी वाट वेगात गेलं तर सपाट होते, हळू गेलं तर हाडं मोजते. टाकीही लहान, रॅप्टरची अकराएक लिटरची, ग्रिझलीची अठराच्या आसपास. दूरच्या ट्रेलवर पेट्रोल, पाणी, पंक्चरचं साहित्य, दोर हे सगळं पाठीवर घ्यावं लागतं.

अडकण्याचं गणित प्रामाणिकपणे मांडायचं तर असं आहे. स्पोर्ट गाडी लवकर अडकते आणि लवकर सुटते, दोन माणसांनी मागची बाजू उचलून बाजूला ठेवली की काम झालं. फोर-व्हील ड्राइव्ह उशिरा अडकते, वाटेपासून पुष्कळ आत जाऊन अडकते, आणि मग उचलायचं नावच नको. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारं यंत्र, नसेल तर दुसरी गाडी लागते. म्हणून एकट्याने जाणाऱ्याला मी फोर-व्हील ड्राइव्हसोबत विंच ही चैन समजू नका असं सांगेन.

सोबत कोण आहे हेही बघा. चार मित्र फोर-व्हील ड्राइव्हवर आणि तुम्ही एकटे स्पोर्टवर, तर प्रत्येक दगडी टप्प्यावर ते थांबलेले आणि तुम्ही घामाघूम. उलट असेल तर दिवसभर तुम्ही धूळ खात मागे. आणि नेहमीच्या ट्रेलची प्रत काय आहे? वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेलवर हिरव्या (सोपी), निळ्या (मध्यम), काळ्या (अवघड) खुणांनी अवघडपणा दाखवलेला असतो. आपल्या वाटेलाही असा रंग मनात द्यावा. निम्म्याहून जास्त वाट काळी वाटत असेल तर स्पोर्टचा विचार सोडा. रुंदीची अडचण सहसा दोन्हींना येत नाही. अमेरिकेत वनखात्याच्या अनेक ट्रेलवर ५० इंचांची मर्यादा आहे, बहुतेक एटीव्ही तिच्यात बसतात.

मधला मार्ग म्हणून कॅन-अॅम रेनेगेड, पोलारिस स्क्रॅम्बलर अशा गाड्या आहेत: चारही चाकं ओढणाऱ्या, पण रॅक कमी आणि बसणं स्पोर्टसारखं. दिसायला आणि पळायला झकास. वजन मात्र फोर-व्हील ड्राइव्हचंच राहतं आणि इंजिन बरेचदा ट्रेलच्या गरजेपेक्षा पुष्कळ मोठं. पहिली गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

पहिल्या गाडीसाठी, वाट मिश्र असेल तर, माझं मत साडेचारशे ते पावणेसहाशे सीसीच्या दरम्यानची फोर-व्हील ड्राइव्ह, लो रेंज आणि इंजिन-ब्रेकिंगसह. पॉवर स्टिअरिंग मिळत असेल तर घ्या. दगडाने हँडलला दिलेला झटका ते मनगटापर्यंत पोचू देत नाही. दोन्ही प्रकारांत लांब सीट बघून मागे कुणाला बसवायचा मोह होतो. ती जागा अंग पुढेमागे करण्यासाठी आहे. एका माणसाच्या गाडीवर दुसरा बसला की वर सांगितलेलं झुकणं, वजन टाकणं काहीच जमत नाही. मुलांना मोठ्यांची गाडी देऊ नका, प्रौढांच्या एटीव्हीवर सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही असा इशारा लिहिलेला असतो तो पाळा. हेल्मेट, गॉगल, घोट्यावर येणारे बूट आणि हातमोजे यांत सूट नाही. डांबरी रस्त्यावर तर दोन्ही गाड्या वाईटच: हे मऊ टायर आणि एकत्र फिरणारी मागची चाकं तिथे घसरत नाहीत, त्यामुळे वळणावर गाडी कलंडू शकते.

टायरमधली हवा हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन. एटीव्हीला साधारण चार ते सात पीएसआय लागतात, नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो. मोटारीचा गेज इथे निरुपयोगी, कारण इतक्या कमी दाबात एका पीएसआयनेही गाडीचं वागणं बदलतं. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सहा असतील तर गाडी सतत एकीकडे ओढते आणि माणूस उगाच अलाइनमेंटला दोष देतो.

देखभालीत स्पोर्ट गाडी थोडं थोडं रोज मागते: चेन धुवा, तेल द्या, ताण बघा, धुळीच्या दिवसानंतर एअर फिल्टर काढून साफ करा. फोर-व्हील ड्राइव्ह रोज काही मागत नाही, पण मागते तेव्हा मोठं मागते. वापरलेली घेत असाल तर चारही चाकांपाशी खाली वाकून शाफ्टच्या टोकांवरचे रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची आवरणं, बघा. फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर उडालेलं असेल तर आत माती गेलेली आहे आणि तो सांधा फार दिवस टिकणार नाही. पुढच्या डिफरन्शिअलच्या आणि मागच्या गिअरकेसच्या तेलाची बूच उघडा, तेल दुधासारखं पांढरट असेल तर गाडी पाण्यात बसलेली आहे. स्पोर्ट गाडीत मागचं चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली, आतबाहेर हलवा. खडखड लागली तर अॅक्सलची बेअरिंग गेली, आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेनसकट सगळा संच बदलावा लागेल.